शिसेयुक्त धूलिमापन, दूषित स्थळांच्या शुद्धीकरणातील

जमिनीत, नदीच्या गाळात किंवा जुन्या बांधकामात साचलेले शिसे काढून टाकण्याचे काम चालू असताना हवेत उडणारी धूळ व तीमधील शिसे यांचे प्रमाण ठरावीक ठिकाणी सतत मोजणे आणि त्या मापनानुसार काम चालू ठेवणे, मंद करणे किंवा थांबविणे, या सर्व प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. शहरातील हवेचे नेहमीचे मापन वर्षभराची सरासरी काढण्यासाठी केले जाते. येथे मापनाचा उद्देश वेगळा आहे. धूळ कामाच्या सीमेबाहेरील वस्तीत पोहोचण्यापूर्वी खोदकाम थांबविता यावे, हा तो उद्देश होय. म्हणून अचूकतेइतकेच किंवा त्याहून अधिक महत्त्व या मापनात शीघ्रतेला आहे. या दोहोंचा मेळ घालणे हीच या शाखेतील मुख्य अडचण आहे.

शिसे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही [→ शिसे]. मातीतील चिकणमातीचे व सेंद्रिय द्रव्याचे कण त्याला धरून ठेवतात. न हलविलेल्या, गवताने वा फरशीने झाकलेल्या जमिनीत ते वरच्या थरात अनेक दशके पडून राहते. तेथून ते माणसापर्यंत पोहोचण्याचा वेग अशा वेळी कमी असतो. उत्खनन, चाळणी, वाहनात भरणे व वाहतूक या क्रियांनी मात्र काही आठवड्यांत इतकी माती उघडी पडते व भुगा होते की, जो धोका दूर करण्यासाठी काम हाती घेतले तोच त्या अवधीपुरता वाढतो. शुद्धीकरण करू नये असा याचा अर्थ नाही. सेनेगलमधील डाकारजवळच्या त्यारॉय-सुर-मेर या वस्तीत जुन्या विद्युत् घटमाला फोडून काढलेल्या शिशामुळे २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या प्रारंभापर्यंत अठरा मुले दगावली. नायजेरियातील झांफारा राज्यात शिसेयुक्त खनिजातून सोने वेगळे करण्याच्या घरगुती उद्योगामुळे २०१० मध्ये सु. ४०० मुलांचा बळी गेला. तेथे घरांची अंगणे खरवडून माती बदलल्याशिवाय औषधोपचाराचा उपयोग नव्हता, कारण उपचार घेऊन परतलेले मूल त्याच धुळीत खेळणार होते. काम करणे अपरिहार्य असते, म्हणूनच ते चालू असतानाची धूळ मोजावी लागते.

लहान मुलांच्या शरीरात शिसे मुख्यतः तोंडावाटे जाते. धूळ जमिनीवर, खेळण्यांवर व हातांवर बसते आणि हात तोंडात जातात. प्रौढांच्या मानाने मुलांच्या आतड्यात शिशाचे शोषण अधिक होते व वाढत्या मेंदूवर त्याचा होणारा परिणाम बव्हंशी कायमचा असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी मुलांच्या रक्तातील शिशाची दखलपात्र पातळी १९९१ मध्ये दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम ठरविली होती (१ मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षांश). ती २०१२ मध्ये ५ व २०२१ मध्ये ३.५ पर्यंत खाली आणली गेली. निरुपद्रवी म्हणता येईल अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही. भारतात शिसेविरहित पेट्रोलचा वापर २००० पासून देशभर सुरू झाला आणि घरगुती व सजावटीच्या रंगलेपांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. हवेतील नव्या शिशाचा मोठा स्रोत अशा रीतीने आटला. जमिनीत पूर्वी पडलेले शिसे मात्र तेथेच आहे.

धुळीचे वर्तन : वाऱ्याबरोबर धूळ किती दूर जाईल हे प्रामुख्याने कणाच्या आकारमानावर अवलंबून असते. १०० मायक्रॉन व्यासाचा (१ मायक्रॉन म्हणजे मिमी.चा सहस्रांश) वाळूचा कण सेकंदाला सु. अर्धा मीटर वेगाने खाली येतो, दोन मी. उंचीवरून सुटलेला असा कण सेकंदाला दोन मी. वेगाच्या वाऱ्यात आठ-दहा मीटरांतच जमिनीवर पडतो. १० मायक्रॉनच्या कणाला तेवढे अंतर उतरण्यास सु. चार मिनिटे लागतात व त्या अवधीत तो अर्धा किमी. जातो. १ मायक्रॉनचा कण स्थिर हवेतही खाली येण्यास सु. सहा तास घेतो. कामगारांच्या डोळ्यांना दिसणारी धूळ ही बहुतांशी पहिल्या प्रकारची असते. फुप्फुसात खोलवर जाणारी आणि कुंपणापलीकडील वस्तीत पोहोचणारी धूळ डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. ‘धूळ दिसत नाही, म्हणजे धूळ नाही’ या समजुतीवर चालणारी कामे पुष्कळ आहेत. ती समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. शिसे मातीच्या सर्व कणांत सारख्या प्रमाणात वाटलेले नसते. बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग मोठा असल्याने त्यांवर ते अधिक साचते. त्यामुळे उडालेल्या धुळीतील शिशाचे शतमान मूळ मातीच्या नमुन्यातील शतमानापेक्षा जास्त भरते. यासाठी मातीचे विश्लेषण करताना ती १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून खालचा भाग तपासणे श्रेयस्कर ठरते. खडे व भरड वाळूसह केलेल्या विश्लेषणाने धोक्याचा अंदाज कमी निघतो.

मापनाची साधने : धुळीचे वजन करून मापन करणे ही मूळ व अद्यापि प्रमाण मानली जाणारी रीत होय. मोठ्या क्षमतेच्या नमुनाग्राहकात मिनिटाला सु. १.१ घ.मी. हवा काचतंतूच्या किंवा क्वॉर्ट्झच्या गाळणपत्रातून ओढली जाते. तीपूर्वी चक्रवाती विलगकाने १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बाजूला काढले जातात. चोवीस तासांत सु. १,५८० घ.मी. हवा या पत्रातून जाते. पत्र ठरावीक तापमानास व आर्द्रतेस ठेवून, आधी व नंतर वजन करून, धुळीची संहती काढतात. पुढे पत्राचा तुकडा नायट्रिक व हायड्रोक्लोरिक अम्लांत पचवून विद्रावातील शिसे आणवीय शोषण वर्णपटमापकाने २८३.३ किंवा २१७.० नॅनोमीटर तरंगलांबीस मोजले जाते. क्ष-किरण अनुस्फुरणाच्या पद्धतीत पत्र नष्ट करावे लागत नाही; मात्र शिशाची एक प्रमुख रेषा आर्सेनिकाच्या रेषेवर पडत असल्याने, दोन्ही मूलद्रव्ये असलेल्या स्थळी शिशाची दुसरी, १२.६ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची रेषा वापरणे आवश्यक असते. काचतंतूच्या पत्रात मुळातच काही धातू असतात. म्हणून कोऱ्या पत्रांचे विश्लेषण वगळणे म्हणजे सर्व निष्कर्षांवर पाणी सोडणे होय.

या रीतीचा दोष उघड आहे. नमुना घेण्यास एक दिवस व विश्लेषणास आणखी एक वा अधिक दिवस लागतात. सोमवारी उडालेल्या शिशाचा आकडा बुधवारी किंवा गुरुवारी हाती येतो, तोपर्यंत ती धूळ घरोघर पोहोचलेली असते. म्हणून कामाच्या सीमेवर प्रकाशाच्या प्रकीर्णनावर चालणारे धूलिमापक ठेवतात. हे उपकरण दर मिनिटाला धुळीची संहती दाखविते व मर्यादा ओलांडताच घंटा वाजविते. बीटा किरणांच्या शोषणावर चालणारी उपकरणे तासातासाचे मापन देतात. ही दोन्ही साधने धूळ मोजतात, शिसे नव्हे. प्रकीर्णनाचे उपकरण कारखान्यात एखाद्या प्रमाणित धुळीवर अंशांकित केलेले असते. कोकणातील लाल किंवा काळ्या मातीचे, कोळशाच्या काजळीचे व सिमेंटचे कण प्रकाश निराळ्या प्रकारे विखुरतात. सापेक्ष आर्द्रता सु. ८० टक्क्यांवर गेली की, कणांवर पाणी चढून वाचन वाढते. त्याच जागी काही दिवस वजनपद्धतीचा नमुना घेऊन गुणक ठरविल्याखेरीज या उपकरणांच्या आकड्यांना अर्थ नसतो.

धुळीवरून शिसे : तत्काळ मापन धुळीचे आणि चिंता शिशाची, हा पेच सोडविण्यासाठी एक साधे गणित वापरतात. धुळीच्या संहतीला मातीतील शिशाच्या प्रमाणाने गुणले की, हवेतील शिशाचा अंदाज मिळतो. भारताच्या नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांनुसार शिशाची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीस दर घ.मी.ला १ मायक्रोग्रॅम व वार्षिक सरासरीस ०.५ मायक्रोग्रॅम आहे. १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. मातीत दर किग्रॅ.ला २,००० मिग्रॅ. शिसे असेल, तर शिशाची मर्यादा गाठण्यास दर घ.मी.ला ५०० मायक्रोग्रॅम धूळ उडावी लागेल. ती कोणत्याही उपकरणाला सहज कळते. मातीत १०,००० मिग्रॅ., म्हणजे एक टक्का शिसे असेल, तर १०० मायक्रोग्रॅम धुळीनेच मर्यादा गाठली जाते. घटमाला फोडण्याच्या जागी मातीत पाच टक्के शिसे सापडणे अशक्य नाही. तेथे मर्यादा २० मायक्रोग्रॅम धुळीवर येते आणि बारीक कणांतील शिसे दुप्पट धरल्यास १० वर.

येथे ही पद्धत निरुपयोगी ठरते. ठाणे जिल्ह्याच्या औद्योगिक शहरांत कोरड्या हंगामात कोणतेही उत्खनन नसतानाही धूळ १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाणे नित्याचे आहे. रस्त्यावरची धूळ, बांधकामे, कचऱ्याची आग व वाहने यांच्या त्या गर्दीत १० मायक्रोग्रॅमची भर पडली की नाही, हे एकटा धूलिमापक सांगू शकत नाही. शिसे जितके अधिक, तितकी धुळीवरून शिसे ताडण्याची रीत आंधळी होते. म्हणजे सर्वांत धोक्याच्या स्थळीच ती सर्वांत कमी उपयोगी पडते. युरोप-अमेरिकेतील कार्यपुस्तिकांवरून घेतलेले उंबरठे भारतात जसेच्या तसे लागू करणे म्हणूनच धोक्याचे आहे. न्यूयॉर्क राज्याच्या नियमांत वाऱ्याच्या उगमाकडील स्थानकापेक्षा पलीकडील स्थानकावर धूळ पंधरा मिनिटांच्या सरासरीत १०० मायक्रोग्रॅमने वाढली की पाणी मारणे इ. उपाय करावेत आणि उपायांनंतरही वाढ १५० वर राहिल्यास काम थांबवावे, असे सांगितले आहे. दोन स्थानकांतील फरक घेण्याची ही कल्पना उत्तम आहे. परंतु पाच टक्के शिशाच्या मातीत १०० मायक्रोग्रॅमचा फरक म्हणजे हवेत ५ मायक्रोग्रॅम शिसे होय. अशा स्थळी गाळणपत्रे दर दोन-तीन तासांनी बदलून जागेवरच क्ष-किरण अनुस्फुरणाच्या सुवाह्य उपकरणाने तपासणे, हाच खरा मार्ग आहे. त्याचा खर्च उत्खननाच्या एकूण खर्चाच्या मानाने फारसा नसतो, तरी निविदेतून सर्वांत आधी गळते ते हेच कलम.

सरासरीचा अवधी हा आणखी एक फसवा भाग. एका तासात हवेतील शिसे २० मायक्रोग्रॅमवर गेले व उरलेले तेवीस तास शून्य राहिले, तर चोवीस तासांची सरासरी ०.८३ येते, म्हणजे मानकाचे उल्लंघन झालेले नाही. तो तास शाळा सुटण्याचा असेल, तरीही आकडा तोच राहतो.

वायुगत संहतीचे मानक पाळले गेले तरी जमिनीवर बसणारे शिसे मर्यादेबाहेर जाऊ शकते, याकडे कमी लक्ष दिले जाते. काहीशी भरड धूळ सेकंदाला सु. १ सेंमी. वेगाने पृष्ठभागावर बसते असे धरल्यास, हवेत दर घ.मी.ला १ मायक्रोग्रॅम शिसे असताना प्रत्येक चौ.मी.वर दिवसाला ८६४ मायक्रोग्रॅम शिसे साचते. जर्मनीतील तांत्रिक निदेशांत ही मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे भारतीय हवा मानकाच्या आत राहूनही जर्मन निक्षेप मर्यादेच्या आठपटीहून अधिक शिसे एखाद्या अंगणात पडू शकते. मुलांच्या दृष्टीने महत्त्व या दुसऱ्या आकड्याला आहे. म्हणून कुंपणाबाहेर धूलिपात पात्रे मांडणे आणि खिडक्यांच्या चौकटी, ओटे व वर्गखोल्यांच्या फरश्या ओल्या पुसण्याने पुसून त्यातील शिसे मोजणे हे हवेच्या मापनाइतकेच आवश्यक आहे. पॅरिसच्या नोत्र दाम प्रार्थनामंदिराचे छत व मनोरा १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, त्यांत ४०० टनांहून अधिक शिसे होते. पुढे परिसरातील काही शाळांच्या आवारांत साचलेले शिसे आढळल्याने त्या बंद ठेवून स्वच्छ कराव्या लागल्या. कामगारांच्या संरक्षणाची व्यवस्था अपुरी असल्याने २५ जुलैला मंदिरावरील काम थांबविण्यात आले. स्नानगृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या व वेगळे प्रवेशमार्ग उभारल्यावर ते ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले. जुन्या वास्तूच्या परिसरात असे काम करताना काय करावे लागते, याचा हा अलीकडचा ठळक दाखला आहे.

अंबरनाथ परिसर : महाराष्ट्रात या विषयाचे स्वरूप नीट समजण्यासाठी अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या शहरांचा पट्टा उपयोगी आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलालेखामुळे प्रसिद्ध असून ते शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात पूर्ण झाले. काळ्या पाषाणातील ही वास्तू वालधुनी नदीच्या काठी उभी आहे. काकोळे येथील, रेल्वेने आपल्या एंजिनांसाठी बांधलेल्या तलावाकडून येणारी ही लहान नदी अंबरनाथ व उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास खाडीस मिळते. विसाव्या शतकात आगपेट्या, युद्धसामग्री, रसायने, कापडरंगाई इ. उद्योग या पट्ट्यात वाढले. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात असंख्य लहान कारखाने घरांना लागूनच सुरू झाले. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक संस्थांवर सु. ९५ कोटी रुपयांची भरपाई बसविली होती. त्याआधी, २९ नोव्हेंबर २०१४ रोजी, टँकरमधून नदीत सोडलेल्या रासायनिक अपशिष्टापासून निघालेल्या वायूमुळे उल्हासनगरात शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला. त्या रात्री लोक घराबाहेर पडले ते वासामुळे. शिशाच्या धुळीला वास नाही, रंग नाही व तात्काळ लक्षणही नाही. तिच्यासाठी रात्रीतून कोणी घराबाहेर पडत नाही. ही सूचना देण्याचे काम उपकरणालाच करावे लागते.

अशा नदीचा गाळ काढणे हा शुद्धीकरणाचा नेहमीचा प्रकार असून धूलिमापनाच्या दृष्टीने तो विशेष अवघड आहे. ओला गाळ धूळ देत नाही, त्यामुळे उत्खननाच्या दिवसांत उपकरणे शांत असतात. काठावर टाकलेले ढीग फेब्रुवारी ते मे या काळात वाळतात, भेगाळतात व वाऱ्याने झिजू लागतात. पाण्याखाली प्राणवायूच्या अभावी सल्फाइडाच्या रूपात स्थिर असलेले शिसे हवेच्या संपर्कात ऑक्सिडीभूत होऊन अधिक विद्राव्य होते. तोवर कंत्राट संपून उपकरणे उचललेली असतात. गाळात शिसे किती आहे हे उत्खननापूर्वीच नदीच्या लांबीवर ठिकठिकाणी व निरनिराळ्या खोलीवर नमुने घेऊन ठरविले पाहिजे आणि ढीग हलवून होईपर्यंत मापन चालू राहिले पाहिजे. गाळ दूषित ठरल्यास तो तळोजे येथील घातक अपशिष्टाच्या केंद्रासारख्या ठिकाणी झाकलेल्या वाहनांतून न्यावा लागतो व वाहनांची चाके धुऊन सोडावी लागतात. धूळ दाबण्यासाठी पाणी मारताना त्याच नदीचे पाणी वापरण्याचा मोह होतो. त्यामुळे धूळ दबते खरी, पण नदीतील दूषिते रस्त्यावर पसरतात व वाळून पुन्हा उडतात.

कोकणात असे काम ऑक्टोबर ते मे या अवधीतच शक्य असते. या महिन्यांत किनाऱ्याकडील पट्ट्यात दुपारी समुद्राकडून व रात्री आणि पहाटे जमिनीकडून वारा वाहतो. म्हणजे सकाळी जे स्थानक वाऱ्याच्या उगमाकडे होते तेच दुपारी कामाच्या पलीकडे येते. दोनच स्थानके मांडून एकास कायमचे ‘स्वच्छ’ मानणे येथे चालत नाही. किमान चार बाजूंना चार स्थानके व वाऱ्याची दिशा आणि वेग नोंदविणारे साधन हवे. हिवाळ्यातील शांत पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही व थोडी धूळही साठून राहते. अशा वेळी खोदकाम उशिरा सुरू करणे हा बिनखर्ची उपाय आहे. कामापूर्वीची पार्श्वभूमी पातळी काढण्यासाठी दिवाळीचा आठवडा वगळावा लागतो. फटाक्यांत शिशाच्या संयुगांचा वापर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मना केला असला, तरी त्या दिवसांतील धुळीची पातळी इतकी असाधारण असते की, तिच्याशी तुलना केल्यास पुढचे कोणतेही काम निर्दोष दिसेल.

मंदिर परिसराचा विचार करता दोन गोष्टी आणखी ध्यानात घ्याव्या लागतात. महाशिवरात्रीची यात्रा माघात, म्हणजे कामाच्या ऐन हंगामात येते. नदीकाठी लाखोंची गर्दी असताना काठावरचे ढीग उघडे ठेवणे सर्वथा अयोग्य होय. त्याआधी काही आठवडे काम थांबवून ढीग हलविणे व फरसबंदीवरील धुळीचे नमुने तपासणे आवश्यक ठरते. दुसरी गोष्ट वास्तूच्या रचनेची. गाभारा मंडपापेक्षा बराच खोल असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते, आणि शिखर अपूर्ण असल्याने तो वर उघडा आहे. अशा खड्ड्यासारख्या जागेत वारा मंदावतो व धूळ बसते. वर मंडपाबाहेर ठेवलेल्या उपकरणाचे वाचन गाभाऱ्यातील स्थिती दाखवीत नाही. भाविक अनवाणी असतात, मुले जमिनीवर बसतात व प्रसाद हातानेच खाल्ला जातो. त्यामुळे येथे पुसण्याचे नमुने हवेच्या नमुन्यांपेक्षा अधिक बोलके ठरतील. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मी.पर्यंतचा भाग निषिद्ध व त्यापुढील २०० मी. नियंत्रित असल्याने तेथील उत्खननास पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीची गरज असते. आग्र्याच्या ताजमहालाजवळ या खात्याची विज्ञान शाखा हवेचे मापन करीत आली आहे. त्याच धर्तीवर कोरीव कामावर बसणाऱ्या धुळीचे मापनही कामाच्या योजनेत समाविष्ट करणे इष्ट होय.

कामगार : कुंपणाबाहेरील मापनाने कामगाराचे रक्षण होत नाही. त्याच्या गळपट्टीस, नाकापासून ३० सेंमी.च्या आत, ३७ मिमी. व्यासाचे गाळणपत्र लावून कमरेवरच्या लहान पंपाने मिनिटाला दोन लि. हवा ओढतात. आठ तासांत ०.९६ घ.मी. हवा जाते. अमेरिकेत १९७८ पासून लागू असलेली मर्यादा दर घ.मी.ला ५० मायक्रोग्रॅम आहे. त्या पातळीस पत्रावर सु. ४८ मायक्रोग्रॅम शिसे सापडते. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये भारतीय कारखाने अधिनियमात घातलेल्या अनुसूचीत ही मर्यादा १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे तिप्पट होती. शिवाय दूषित जमिनीवर खोदणारा रोजंदारीचा मजूर हा बहुधा ‘कारखान्यातील कामगार’ या व्याख्येत बसत नाही. त्याच्या रक्ताची तपासणी कामापूर्वी व काम चालू असताना होणे, जेवणापूर्वी हात-तोंड धुण्याची सोय असणे आणि कामाचे कपडे कामावरच राहणे, या तीन गोष्टी कोणत्याही मुखपट्टीपेक्षा परिणामकारक आहेत. कपड्यांतून घरी गेलेली धूळ कुंपणावरच्या एकाही उपकरणात दिसत नाही.

केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले. संशयित स्थळांची माहिती स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासन यांनी द्यावी, राज्य मंडळाने त्यांची तपासणी करावी व शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यावा, अशी त्यांची रचना आहे. अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर ही शहरे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण येथील कार्यालयाच्या कक्षेत येतात. शुद्धीकरणाच्या प्रत्येक योजनेत मातीतील शिशाच्या प्रमाणावरून काढलेला धुळीचा उंबरठा, तो ओलांडल्यास काम थांबविण्याचा अधिकार कोणास आहे त्याचे नाव, आणि रोजचे आकडे वस्तीत मराठीत व सिंधीत लावण्याची तरतूद असावी लागेल. काम थांबविण्याचा अधिकार कंत्राटदाराच्याच पर्यवेक्षकाकडे ठेवल्यास, मजुरी व भाडे यांचा रोजचा खर्च डोळ्यांसमोर असताना तो किती वेळा वापरला जाईल हे सांगणे कठीण नाही. हा अधिकार मापन करणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेकडे असावा व तिचे देयक कंत्राटदारामार्फत दिले जाऊ नये. उत्खनन संपल्यावर नवी माती पसरून तीवर गवत रुजेपर्यंत, म्हणजे कोकणात पहिला पाऊस होऊन जमीन झाकली जाईपर्यंत, किमान धूलिपात पात्रे जागेवर ठेवतात.